गेलेल्या माणसाने परत यायचंच नाही का?

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये रोहित शर्माकडून भारताच्या वनडे संघाचं कप्तानपद काढून शुभमन गिलला दिलं, तेव्हापासून डोंबिवलीच्या माझ्या मामेभावाचं एकच पालुपद चालू आहे. "दादा, तुमच्याकडे इंग्लंडमध्ये बरं. साहेब बदलला की दुसऱ्या दिवशी सगळे मुकाट कामाला. आपली माणसं जीव लावतात. आयपीएलमध्ये मुंबईने रोहितच्या जागी हार्दिक पंड्याला कप्तान केलं, तेव्हा लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली ती रोहितवरच्या प्रेमापोटी."

मला हे ऐकवत नाही. इथली माणसं जीव लावत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं? मी मँचेस्टरला, सेल नावाच्या भागात राहतो. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबची मॅच असली की आमच्या ट्रॅममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि क्लबचा जुना मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसनचा विषय निघाला की साठीची माणसं आजही हळवी होतात. साडेसव्वीस वर्षं मॅनेजर, १३ लीग विजेतेपदं. मे २०१३मध्ये निवृत्त होताना त्याने भर मैदानात माइक घेऊन लोकांना बजावलं, की आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम. नवा मॅनेजर डेव्हिड मोयेस. त्याने आल्या आल्या जुने प्रशिक्षक बदलून स्वतःची माणसं आणली, संघ सातव्या नंबरापर्यंत घसरला, दहा महिन्यांत त्याची नोकरी गेली.

पण त्यातली एक दुपार मामेभावाने ऐकावी. २९ मार्च २०१४, ॲस्टन व्हिलाशी मॅच. काही चाहत्यांनी वर्गणी काढून स्टेडियमवरून विमान उडवलं, मागे फलक: 'राँग वन, मोयेस आउट', म्हणजे चुकीचा माणूस, मोयेसला हाकला. खालच्या गर्दीने हुर्यो उडवली ती त्या विमानाची. मोयेस मैदानात आला तेव्हा टाळ्या पडल्या. त्याचं काम कोणालाच पसंत नव्हतं, तरीही.

आणि आपलं वानखेडे? १ एप्रिल २०२४, समोर राजस्थान. टॉसला हार्दिकचं नाव घेतल्याबरोबर इतका गलका झाला, की समालोचक संजय मांजरेकरला माइकवरून 'नीट वागा' म्हणावं लागलं. ज्याच्या प्रेमापोटी हे चाललं होतं, तो रोहितच सीमारेषेवरून हाताने 'थांबा' म्हणत होता. त्याचंही ऐकलं नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा शब्द मोडायचा आणि त्यालाच प्रेम म्हणायचं, हे मला पटत नाही.

मान्य, फर्ग्युसन स्वतःहून गेला, रोहितला हलवलं. १५ डिसेंबर २०२३ला मुंबई इंडियन्सने पत्रक काढलं आणि दहा वर्षांत पाच वेळा आयपीएल जिंकून देणारा कप्तान बदलला. राग यायला हवाच होता, पण पत्रक काढणाऱ्यांचा. नव्या माणसाला टीम आपलं म्हणेल की नाही, हे निम्म्याहून जास्त जाणाऱ्याच्या आणि नेमणाऱ्यांच्या हातात असतं. मला आमच्या ऑफिसात टीम मिळाली तेव्हा आधीची मॅनेजर शेवटचा आठवडाभर प्रत्येक मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत, 'तुला काय वाटतं?' म्हणून माझ्याकडे वळायची आणि मी म्हणेन तेच मिनिट्समध्ये लिहायला लावायची. नंतर लोक जुन्या सवयीने तिला फोन करत, तेव्हा ती त्यांना माझ्याकडे पाठवायची. लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा मॅनेजर क्लॉप याने २०२४च्या मे महिन्यात स्वतःच्या निरोपाच्या दिवशी अख्ख्या ॲनफिल्ड स्टेडियमकडून नव्या मॅनेजरच्या, आर्ने स्लॉटच्या, नावाचं गाणं म्हणवून घेतलं. स्लॉटने पुढच्याच मोसमात, जवळजवळ तोच संघ ठेवून, लीग जिंकली आणि जिंकल्यावर क्लॉपचं गाणं म्हटलं. हार्दिकला असं कोणी हाताला धरून नेलं नाही.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच, असंही नाही. १९७१मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी आपले अजित वाडेकर भारताचे कप्तान झाले. त्याच वर्षी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्ही मालिका जिंकल्या. पुढे पतौडी स्वतः वाडेकरांच्या हाताखाली खेळले.

पण माझा खरा राग कप्तानपदावरून नाहीच. मामेभाऊ बोलता बोलता म्हणाला, "हार्दिक गेला होता ना गुजरातच्या टीमकडे? मग तिकडेच राहायचं होतं." तिथे मी फोनवर गप्प झालो. हार्दिक गेला, की त्याला सोडलं? २०२१च्या शेवटी मुंबईने रोहित, बुमरा, सूर्यकुमार आणि पोलार्डला राखलं, त्याला नाही. २०१५पासून इथेच घडलेला पोरगा. दुसरीकडे जाऊन पहिल्याच वर्षी आयपीएल जिंकला, हाच बहुतेक गुन्हा. परत आला तर मागे उभा राहा, पुढे यायचं नाही.

हे वाक्य मी सुट्टीत घरी आलो की वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. पाण्याच्या टँकरबद्दल बोललो तरी 'तुला काय, तू तर तिकडे'. आईच्या औषधांबद्दल बोललो तरी तेच. इथे ऑफिसात मी एवढी टीम सांभाळतो, आणि माझ्याच सोसायटीत मला मत नाही. हार्दिकचं नाव त्याच वानखेडेवर प्रेमाने घेतलं गेलं ते ४ जुलै २०२४ला, वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर टाकून आल्यावर. एवढं केल्यावर घरात घेतलं.

मुलीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, झाली की आम्ही परत यायचं म्हणतोय. तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'इतकी वर्षं कुठे होतास?' हे मला कोणीतरी विचारणार, बहुतेक मामेभाऊच. त्याची धास्ती मला आत्तापासून आहे. तरी मी बोलणार, पाण्यावरही आणि हार्दिकवरही.