शिवसागराकाठी हरकत घेताना

साताऱ्याला समुद्र नाही ही आपली जुनी खंत. पण कोयनेचं धरण झालं, मागं पाणी तुंबलं आणि त्याला शिवसागर नाव मिळालं. नावातच सागर आल्यावर किनारा आला, आणि किनारा आला की रिसॉर्ट ओघानं आलंच. तेव्हा बामणोली-तापोळ्याच्या अंगाला 'नवं महाबळेश्वर' नावाचा पर्यटनाचा मोठा प्रकल्प येणार म्हणून तुम्ही एवढे का बिथरलाय, हेच मला कळत नाही. तरी विरोध करायचाच असेल तर रीतसर करा. मी साताऱ्यात राहतो, कासच्या तलावाचं पाणी पितो आणि सुट्टीला तुमच्याकडं लाँचमध्ये बसून फोटो काढतो. म्हणजे तुम्हाला सल्ला द्यायचा हक्क मला आपोआपच मिळतो.

पहिली गोष्ट, आम्ही इथले मूळचे, हे पालुपद बंद करा. मूळचं सगळं पाण्याखाली आहे. साठच्या दशकात गावं उठली; कुणाला ठाण्या-रायगडकडं धाडलं, कुणी तिथंच डोंगरावर चार टप्पे वर सरकलं. त्या पुनर्वसनाची आठवण काढलीत की साहेब मंडळी अवघडतात. ती फाईल आता ज्येष्ठ नागरिक झाली आहे, या वयात तिला कचेरीचे जिने चढायला लावणं बरं दिसत नाही. भूकंपही नको. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तुमच्या घरात अजून सांगत असतील, पण त्यानं गिऱ्हाइकाचा मूड जातो.

निसर्ग वाचवा असं तर चुकूनही म्हणू नका. निसर्ग आधीच वाचलेला आहे, तुमच्यापासून. कोयना अभयारण्य १९८५ चं, व्याघ्र प्रकल्प २०१० चा, कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात. एवढ्या वर्षांत तुम्ही एवढं तरी शिकायला हवं होतं की गोठ्यावर पत्रा टाकायचा तर आधी दहा ठिकाणी विचारावं लागतं, आणि जळणाची मोळी आणताना मागं वळून बघावं लागतं. तुम्ही जंगलात राहिलात तर ते अतिक्रमण. पाव्हणा एका रात्रीचे पैसे मोजून राहिला की ते निसर्गाचं सान्निध्य. फरक बारीक आहे, पण सातबाऱ्यावर तो ठळक दिसतो.

आता आहे त्या महाबळेश्वरला २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोनचं कुंपण. तिथं हात बांधलेले, मग हात मोकळे करायला नवं महाबळेश्वर हवंच की. ५२ गावं म्हणता म्हणता आराखडा २३५ गावांवर गेला. तुमचं गाव त्यात आलं नसतं तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं.

आणि कोकणातल्या लोकांचं बघून बिघडू नका. मालवणकडं तोंडवळी-वायंगणीच्या मंडळींनी सी वर्ल्ड नावाच्या पर्यटन प्रकल्पाला जमिनी द्यायला विरोध केला. दारात फुकटचा समुद्र असला की माणूस असा माजतो. तुमचा सागर सरकारी आहे, जरा नम्रपणा ठेवा.

माझं खरं ऐकाल तर विरोधाची भानगडच सोडा आणि आपल्या घराला रिसॉर्ट म्हणायला लागा. सगळे नियम आपसूक मऊ होतील. कोयनेची वीज १९६० मेगावॉट, पण तुमच्याकडं दोन-दोन दिवस लाईट नसते ना? पाटी लावा, 'चांदण्यातलं जेवण'. पावसाळ्यात आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, निसरड्या पाऊलवाटेनं लाँचपर्यंत उतरवता आणि मग तासभर पाण्यावर, त्याचं तोंड झाकून, छत्री धरून बसता. अहो, ट्रेकिंग आणि बोटिंग एकाच पॅकेजात! लोक याचे पैसे देतात, तुम्ही उगाच रडता.

रस्ताही येईल. चाळीस वर्षं अर्ज करून जो आला नाही, तो एका हंगामात येईल, शेवटच्या वळणावर गेट असेल एवढंच. रोजगार येईल. मुंबईत माथाडीचं काम करणारा तुमचा पोरगा फक्त शिमग्याला आणि जत्रेला घरी येतो. तो आता कायमचा येईल आणि आज्याच्या वावरात पाव्हण्यांच्या बॅगा उचलेल. ओझं तेच, मुकादम तेवढा बदलला.

एवढं सांगूनही हरकत घ्यायचीच म्हणत असाल, तर मुदत भातकापणीत आली म्हणून कुरकुर करू नका. भात उभं राहतं, मुदत उभी राहत नाही. मी परवा हरकती घेत होते अशाच एका ठिकाणी मजा बघायला बसलो होतो. भिंतीला चिकटपट्टीनं नकाशा लावलेला, एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी पुढं आल्या. निळ्या रंगावर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं माझा जलम झाला."

"मावशी, ते पाणी आहे," तिथला बाबू म्हणाला.

"व्हय. त्याच्याच खाली."

मग बोट वर सरकवत त्या एका ठिकाणी थांबल्या. तिथं त्यांचा पाणवठा. समोर १०५ टीएमसी पाणी पसरलेलं असताना एप्रिल-मेत अख्खी वाडी ज्या झऱ्यावर हंडे भरते, तो. नकाशात त्या जागेला पर्यटनाचा रंग होता. बाबू म्हणाला, "अर्जात लिहा." अर्जात हरकतीसाठी चौकट होती, दीड ओळीची. मावशींनी सांगितलं, त्यानंच लिहिलं: 'आमचा झरा आहे.'

"सविस्तर सांगा."

"बारा म्हैने वाहतो."

"आणखी?"

मावशी त्याच्याकडं बघत राहिल्या. "आणखी काय पायजे?"

पोच हवी तर दोन झेरॉक्स जोडा, असं ठरलं. झेरॉक्सचं दुकान खालच्या अंगाला. मावशी कागद पदराआड धरून उतरल्या. दुकानदार पायरीवर तंबाखू मळत बसला होता.

"लाईट गेलीया, आज्जे. आली तर सांजच्याला येती, न्हाय तर उद्या."