‘नादखुळा’ यांना उत्तर : टाळ, मोरचंग आणि तुमचा सूर

नमस्कार.

घनवाद्यांवरच्या, म्हणजे ज्यांचं अंगच थरथरून वाजतं त्या वाद्यांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “मोरचंग [तोंडाशी धरून वाजवायचं छोटं वाद्य] घनवाद्यांत, मग पेटी सुषिर [वाऱ्यावर वाजणाऱ्या] वाद्यांत कशी? पत्ती दोन्हीकडे थरथरते. जलतरंगात तर पाणी वाजतं. टाळ कधी हातात धरलाय का, की सगळं पुस्तकातूनच? जाणकारांनी लिहावं.” झांजेचा फोटो धूसर आहे, ही तक्रार मान्य. बदलतो. पण विचारायची ही कुठली पद्धत?

टाळ धरलाय का म्हणे! अहो, मी सोलापुरात मिलच्या चाळीत वाढलो. एकादशीला पाळी सुटली की वडिलांचं भजन बसायचं आणि टाळांची पिशवी माझ्या ताब्यात असायची. वाटीच्या कडेला बोट लागलं की नाद जागीच मरतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. दोरी मधल्या भोकातून ओवतात ती उगाच नाही. मधला भाग जवळपास हलत नाही, थरथर सगळी कडेला. दोन वाट्या तोंडावर तोंड बरोब्बर आपटल्या तर हवा कोंडून नुसतं ‘थप्प’ होतं, म्हणून जरा तिरकी, कडेवर कड घ्यायची. जोडीतल्या वाट्यांचा सूर किंचित वेगळा असेल तर नाद हेलकावे खात राहतो.

आणि टाळाचा धातू, कासं! तांब्याच्या चार भागांना कथील साधारण एक भाग, त्यामुळे धातू खणखणीत पण ठिसूळ. फरशीवर पडून केसाएवढी चीर गेली तरी टाळ बद्द बोलतो. अशाच एका टाळापायी मी वडिलांचा मार खाल्लाय. पुस्तकं वाचून पाठीवर वळ उठत नाहीत, साहेब.

जलतरंगात पाणी नाही, वाटीची भिंत वाजते. पाण्यानं ती जड होते आणि सूर उतरतो. रिकामी वाटीही वाजते, घरी करून बघा.

राहिली पेटी. मोरचंगाची जीभ बोटानं छेडतात, पेटीची पत्ती भात्याच्या वाऱ्यावर चालते. वाद्यांचं वर्गीकरण करणाऱ्या हॉर्नबोस्टेल आणि साक्स या अभ्यासकांनी 1914 मध्येच ही वाटणी करून ठेवलीय. पटत नसेल तर त्यांच्याशी भांडा, मला वेळ नाही.

‘जाणकारांनी लिहावं’ यावर काय बोलणार? समोर असतात तर आपल्या सोलापुरी रीतीनं ‘काय बे’नंच सुरुवात केली असती, इथं चारचौघांत लिहितोय म्हणून अहो-जाहो. पुढच्या वेळी खऱ्या नावानं या.