दोन हजारांत एक पॅकेट: एका आक्षेपाला उत्तर

आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. डेटा सेंटरमधल्या स्विचवर (सर्व्हरांना जोडणाऱ्या यंत्रावर) एसफ्लो लावावा, म्हणजे तिथून जाणाऱ्या पॅकेटांपैकी (डेटाच्या छोट्या तुकड्यांपैकी) थोड्यांचे नमुने घेऊन ट्रॅफिकचा अंदाज काढावा, असे मी लेखात सुचवले होते. दोन हजार पॅकेटांतले एकच पाहून बाकीची सोडून देणारी पद्धत म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, आणि प्रवाहागणिक, म्हणजे दोन यंत्रांमधल्या प्रत्येक जोडणीगणिक, नोंद ठेवणारा नेटफ्लो व एसएनएमपीचा (यंत्रांचे काउंटर ठरावीक वेळाने वाचणाऱ्या पद्धतीचा) पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख हाताशी असताना तिची गरजच नाही, असा आपला आक्षेप आहे. सुरक्षेच्या तपासात ती निरुपयोगी ठरते, असेही आपण म्हटले आहे.

नमुन्यांवरून काढलेल्या आकड्यातली चूक किती, हे सोडून दिलेल्या पॅकेटांवरून नव्हे, तर हाती आलेल्या नमुन्यांच्या संख्येवरून ठरते. १९६ ला त्या संख्येच्या वर्गमुळाने भागले की चुकीची टक्केवारीतली मर्यादा ९५ टक्के खात्रीने सांगता येते. १० गिगाबिटचा पोर्ट १५०० बाइटच्या पॅकेटांनी भरून वाहत असेल, तर सेकंदाला सुमारे ८ लाख पॅकेटे जातात. म्हणजे ४०० नमुने, मिनिटाला २४,०००. त्यातला दहा टक्के ट्रॅफिक एका सर्व्हरचा असेल, तर त्याचे २,४०० नमुने मिळतात आणि चूक ४ टक्क्यांच्या आसपास राहते. पोर्ट कोण भरतो आहे, हे ठरवायला एवढे पुरेसे आहे.

आमच्याकडे एका स्टोरेज सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टवर रात्री दोन वाजता पॅकेटे ड्रॉप होत (गळून जात) असत. आलेखात पोर्ट जेमतेम ३० टक्के भरलेला दिसे, म्हणून दोन आठवडे आम्ही केबल आणि ऑप्टिक बदलत राहिलो. एसफ्लोचे नमुने दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत मांडले तेव्हा उलगडा झाला: अकरा सर्व्हरांचे बॅकअप एकाच वेळी सुरू होत, पहिले ९० सेकंद पोर्ट काठोकाठ भरून वाहे, स्विचचा बफर (पॅकेटे थोपवून धरणारी मेमरी) ओसंडे आणि पुढची साडेतीन मिनिटे जवळजवळ काहीच नसे. ३०० सेकंदांच्या सरासरीत ते ९० सेकंद विरघळून गेले होते. क्रॉनच्या (बॅकअप आपोआप सुरू करणाऱ्या वेळापत्रकाच्या) वेळा मागेपुढे केल्या आणि ड्रॉपचा काउंटर थांबला.

नेटफ्लोने हे दिसले असते का? प्रवाह संपेपर्यंत किंवा ठरलेली मुदत उलटेपर्यंत त्याची नोंद यंत्रातल्या तक्त्यातच राहते. सिस्कोच्या पारंपरिक आयओएसमध्ये ही मुदत मुळात ३० मिनिटांची असते. शिवाय त्या नोंदीत सुरुवात, शेवट आणि एकूण बाइट मिळतात, मधले चढउतार मिळत नाहीत. एसफ्लोत स्विच असा तक्ता ठेवतच नाही. पॅकेटचा सुरुवातीचा भाग, साधारणतः १२८ बाइट, कापून तो लगेच कलेक्टरकडे (नमुने गोळा करणाऱ्या सर्व्हरकडे) रवाना करतो. लहान-लहान जोडण्यांनी गजबजलेल्या रॅकमध्ये, जिथे तक्ता पाहता पाहता भरतो, तिथे हा फरक मोठा आहे. इंटरनेटकडे तोंड असलेल्या राउटरवर मात्र मीही नेटफ्लोच वापरतो.

सुरक्षेचा आपला मुद्दा बिनतोड आहे. एखाद्या घुसखोराची जोडणी दहाच पॅकेटांची असेल, तर या दराने तिचा एकही नमुना हाती न येण्याची शक्यता ९९.५ टक्के आहे. सुरक्षेच्या तपासालाही एसफ्लो पुरतो, हे लेखातले माझे वाक्य चुकीचे होते आणि आज मी ते काढले आहे. संशयित सर्व्हरचा पोर्ट मिरर करून (त्यावरच्या ट्रॅफिकची प्रत दुसरीकडे वळवून) सगळी पॅकेटे पकडावीत आणि जोडण्यांच्या नोंदी सर्व्हरवरही ठेवाव्यात, अशी दुरुस्ती त्या जागी केली आहे.