मागचं तळं कुठे गेलं?

फोटोग्राफीच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत अ‍ॅपर्चर शिकवतात, शटर स्पीड शिकवतात, आयएसओ, रूल ऑफ थर्ड्स सगळं शिकवतात, पण आत्या आणि मावशीला एकाच फ्रेममध्ये कुणाचाही पापड न मोडता कसं बसवायचं हे काही कुणी शिकवत नाही. त्या व्हिडिओत एक मॉडेल असते. ती सांगितलं तिथे उभी राहते, हनुवटी खाली म्हटलं की खाली करते आणि "अजून किती वेळ रे, भूक लागलीय" असं एकदाही म्हणत नाही. माझ्याकडे मॉडेल म्हणून बारा माणसं आहेत, सगळी नात्यातली, आणि त्यातली निम्मी माझ्यापेक्षा वयाने मोठी, म्हणजे 'सरक रे तिकडे' म्हणायची सोय नाही, 'जरा इकडे येता का' असं अजीजीने म्हणावं लागतं आणि तोवर सूर्य ढगाआड गेलेला असतो.

तर सूर्यापासूनच सुरुवात करू. सूर्योदयानंतरचा तास आणि सूर्यास्ताआधीचा तास, याला गोल्डन अवर म्हणतात, प्रकाश तिरपा, सोनेरी, मऊ, चेहरे कसे उजळून निघतात वगैरे. कुटुंबवत्सल माणसाने हा प्रकाश दुसऱ्यांच्या फोटोत बघावा आणि गप्प बसावं. शहराबाहेर तासाभरावर जायचं तर आमचं निघायचं ठरतं सकाळी सहाला, आणि सहाला गळ्यात कॅमेरा अडकवून, बूट घालून मी एकटा सोफ्यावर बसलेला असतो. सातला कुणाची तरी आंघोळ व्हायची असते, आठला चार्जर सापडत नाही, नऊला दुसरी गाडी पेट्रोल भरायला जाते (ती आदल्या रात्री का नाही गेली हे विचारायचं नसतं, मी एकदाच विचारलं होतं), आणि मग पोचेपर्यंत बारा. सूर्य बरोबर टाळक्यावर. संध्याकाळच्या गोल्डन अवरची आशा असते म्हणाल तर तेव्हा "ट्रॅफिक लागायच्या आत निघू" हा ठराव एकमताने पास झालेला असतो आणि तो सोनेरी प्रकाश मला गाडीच्या मागच्या काचेतून बघायला मिळतो.

भर दुपारच्या उन्हासाठी फिल्मच्या काळापासून एक ठोकताळा आहे, सनी सिक्स्टीन. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं ते बारीक) एफ १६ ठेवायचं आणि जेवढा आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा, त्याचा आकडा) तेवढा शटर स्पीड, म्हणजे आयएसओ १०० तर १/१०० सेकंद, झालं, एक्सपोजर बरोबर येतं. येतं की, अगदी बरोबर येतं! प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डेही बरोबर येतात, आणि नाकाची सावली वरच्या ओठावर पडून घरातल्या सगळ्या बायकांना मिशाही येतात. यावर उपाय म्हणजे दिवसासुद्धा फ्लॅश मारायचा, खड्डे भरून निघतात. मी मारला. काका लांबून ओरडले, "अरे ए, दिवसाढवळ्या फ्लॅश कसला मारतोयस, बंद कर, बॅटरी जाईल!" मग पुढचा अर्धा तास प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमचा पुतण्या उन्हात फ्लॅश मारतो" हे सांगून झालं.

म्हणून मग सगळ्यांना झाडाखाली नेलं. कवडसे हा प्रकार कवितेत फार छान दिसतो हो, पण सासऱ्यांच्या टकलावर एक जरी पडला तरी तेवढा भाग फोटोत पांढराफटक जळतो आणि मग रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला सगळा कच्चा माल) असू दे नाहीतर आणखी काही, तिथे परत काही म्हणजे काही उमटत नाही. त्यांनी टोपी घातली असती तर प्रश्न सुटला असता. पण सासऱ्यांना टोपी घालायची माझी हिंमत नाही.

आता मुख्य दुखणं. माझ्याकडे ५० एमएमची एफ १.८ लेन्स आहे, हौशी माणूस कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सनंतर पहिली हीच घेतो, कारण पाठीमागचं सगळं लोण्यासारखं वितळतं आणि माणूस तेवढा पुढे उठून दिसतो. तर बायकोला तळ्याच्या काठावर उभी केली, डोळ्यावर फोकस, मागे सगळं धूसर, पाण्यावरच्या चमकेचे गोल गोल ठिपके, मी स्वतःवरच खूश. तिने स्क्रीनवर बघितलं, अंगठ्याने मोठं केलं, परत लहान केलं आणि म्हणाली, "मागचं तळं कुठे गेलं?"

मी म्हटलं ब्लर केलंय.

"का?"

आता या 'का'ला उत्तर काय द्यायचं. "अरे तासभर गाडीत हाडं खिळखिळी करून तळं बघायला आलो ना आपण? हा फोटो घरी गॅलरीत उभं राहून पण निघाला असता." मुद्दा बिनतोड होता. एफ ८ केलं. तळं आलं. तळ्याबरोबर कचऱ्याचा डबा आला, एक अनोळखी काका दात कोरताना आले, आणि बायकोच्या डोक्यातून सरळ वर उगवलेला विजेचा खांब आला. "खांब कशाला घेतलास?" घेतलास म्हणजे काय, मी काय तो घरून आणला होता?

शिवाय सूचना चालूच. जवळून नको लांबून काढ, पण चेहरा नीट दिसू दे. पूर्ण घे, पण पोट नको. सहज उभी आहे असं वाटू दे, थांब, मी अजून सहज उभी राहिले नाहीये.

त्याच लेन्सने नंतर ग्रुप फोटोत घात केला. तोवर आभाळ भरून आलेलं, उजेड कमी, मोठ्या मिनतवारीने दोन ओळी केलेल्या, पुढची बसलेली, मागची उभी, आणि पोरं एक सेकंदही टिकत नाहीत म्हणून शटर वेगात ठेवायचं तर अ‍ॅपर्चर उघडं ठेवणं आलं. आता गणित असं की माझ्यासारख्या क्रॉप, म्हणजे जरा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ १.८, तीन मीटर अंतर धरलं तर जेमतेम २५ सेंटीमीटरची खोली फोकसमध्ये येते, म्हणजे एक वीत. एका वितीत बारा माणसं बसत नाहीत. पुढची ओळ पापण्यांचे केस मोजता येतील इतकी खणखणीत आणि मागची ओळ धुक्यात. मागच्या ओळीत नेमकी सगळी सासरची मंडळी. हे भौतिकशास्त्र आहे, मी कागदावर आकृती काढून समजावलं, पण बायको एवढंच म्हणाली, "तुला आमची माणसं कधी स्पष्ट दिसलीच नाहीत."

बरं, मग लेन्स बदला, १८ एमएमला जा, फोकसची कटकट नाही, सगळे मावतात. मावतात, पण एवढ्या वाइडमध्ये कडेला उभा राहणारा माणूस आडवा ताणला जातो, हे लेन्सचं खानदानी लक्षण आहे. हे मी बोलून दाखवायला नको होतं, कारण ते कळल्याबरोबर कडेला कुणी उभंच राहेना. आत्या म्हणाली मी मध्ये, मावशी म्हणाली मी तर आधीपासूनच मध्ये आहे. शेवटी एका कडेला भाचा गेला, तो काडी आहे, त्याला ताणला तरी माणसात येईल एवढाच, आणि दुसऱ्या कडेला काका गेले, त्यांनी ऐकलंच नव्हतं.

डोळे मिटण्याचा प्रश्न मात्र शास्त्राने सोडवलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी, सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी ग्रुप फोटो हवा तर किती फोटो काढायचे याचा रीतसर हिशेब मांडला आणि त्याबद्दल त्यांना २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, वाईट उजेडात दोनने. म्हणजे आमच्या बारा जणांना चार फोटो, ढग आले तर सहा. मला हे वाचून भरून आलं होतं, कुणीतरी आपल्या दुःखाला आकडा दिला म्हणून. पण त्या हिशेबात नुसत्या पापण्या धरल्यात हो! 'तीन' म्हणायच्या क्षणी जिला "पोरगा कुठे गेला?" हे आठवतं ती वहिनी त्यात धरलेली नाही. आलेला फोन उचलणारे काका धरलेले नाहीत. प्रत्येक फोटोनंतर "झालं?" म्हणून ओळ मोडून निघणारे आणि त्यांना परत बोलावेपर्यंत पाणी प्यायला जाणारे, हे तर कुठल्याच गणितात बसणारे नाहीत.

पोरांचं तर बोलूच नका. धावणाऱ्या पोरासाठी शटर १/५०० ठेवावा म्हणतात, मी ठेवतो, पोरगं अजिबात हललेलं दिसत नाही, लख्ख दिसतं, पाठीमागून. माझ्याकडे आमच्या चिरंजीवांच्या मानेचा त्यांच्या जन्मापासूनचा सविस्तर दस्तऐवज आहे.

१८३८ साली लुई डागेरने पॅरिसमधल्या बुलव्हार द्यु तांप्ल नावाच्या रस्त्याचा खिडकीतून फोटो काढला होता. रस्ता वाहता होता, माणसं होती, घोडागाड्या होत्या, पण एक्सपोजरच काही मिनिटांचं, त्यामुळे जे जे हललं ते उमटलंच नाही, रस्ता ओस दिसतो. कोपऱ्यात एक माणूस पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेत होता, तो तेवढा आला. तो कोण हे कुणालाच माहीत नाही, पण फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून मान त्याचाच. आमच्या सहलीचा फोटो डागेरने काढला असता तर त्यात फक्त सासरे आले असते, सतरंजीवर झोपलेले. आणि मला वाटतं तो आमचा सगळ्यात शांत फॅमिली फोटो झाला असता.

आता तुम्ही म्हणाल यात तू कुठे आहेस. कुठेच नाही. निघायच्या वेळी उतरतं ऊन पाठीशी असेल तर आत्याच्या साडीवर माझी सावली पडते, तेवढीच माझी हजेरी. टायमर लावून बघितला, दहा सेकंदांत ओबडधोबड दगडांवरून धावत जाऊन चेहऱ्यावर निवांत हसू आणायचं असतं, ते जमायला निदान राज्य पातळीचा खेळाडू पाहिजे. मग अनोळखी माणसाला गाठायचं. तो बिचारा आनंदाने तयार होतो, कॅमेरा फोनसारखा हात लांब करून धरतो, आणि म्हणतो, "स्क्रीन बंद आहे हो याची." मी ओळीतून ओरडतो, डोळा लावा, वर भोक आहे त्याला डोळा लावा! तो डोळा लावतो, बटण अर्धं दाबतो, बीप ऐकू येतं, "आला!" म्हणून परत देतो. आलेला काहीच नसतो. पण तोवर त्याला त्याच्या घरच्यांनी हाक मारलेली असते, त्यांनाही कुणीतरी ग्रुप फोटो काढून द्यायचा असतो, आणि तो कुणी काढायचा हे सांगायला नको.

या सगळ्यात भाचा फोन काढतो, एक हात वर करतो, खटॅक. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या फोनच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा आहे, पण त्याचा फोन एका खटॅकमध्ये पाच-सात फोटो घेऊन आपल्या आपण जुळवून टाकतो, खड्डे भरतो, मिशा काढतो. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याला एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात भाच्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडून त्याला चार बदाम आलेले असतात आणि माझं अजून लेन्सचं झाकण सापडलेलं नसतं.

घरी येऊन मी रॉ फाइल्स उघडतो, रात्री जागून खांब पुसतो, टक्कल सावरतो, क्षितिज सरळ करतो, आणि आठवड्याने निवडक फोटो ग्रुपवर टाकतो, काकांचा अंगठा येतो. गेल्या वेळी आत्याचा फोनच आला. म्हणाली छान आहेत रे सगळे, पण भाच्याने काढलाय ना, तो मोठा करून भिंतीवर लावायचाय, तुला ते कॉम्प्युटरवर येतं ना सगळं?

तो फोटो मी परत बघितला. अकराच्या अकरा जण आहेत, सासरची माणसं स्पष्ट आहेत, तळं जागेवर आहे, डोळे उघडे आहेत, आणि सगळे अगदी मनापासून, पोट धरून हसतायत, कारण पुढ्यात मी गुडघ्यावर ओणवा होऊन, कॅमेऱ्याकडे पाठ करून, बॅगेत डोकं खुपसून लेन्सचं झाकण शोधतोय आणि ते माझ्या मागच्या खिशातून अर्धं बाहेर आलंय.

"येतं की," मी म्हटलं, "काय करायचंय?"

"काही नाही रे, फक्त तो मध्ये वाकलाय ना कोणीतरी, तेवढा काढून टाक."

काढला. दहा मिनिटांचं काम होतं.