स्पेक्ट्रम अमर कसा करावा: हौशी मंडळींना फुकटचा सल्ला

गेल्या रविवारी कोथरूडमधे एका स्पेक्ट्रमप्रेमी काकांकडे जाऊन आलो आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. पण मी चिडणार नाहीये. मी शांतपणे सल्ला देणारे. ज्यांना ज्यांना वाटतं की झेडएक्स स्पेक्ट्रम, हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, अजून चाळीस वर्षं टिकावा त्यांनी वही-पेन घेऊन बसा.

सगळ्यात आधी, मशीन खोक्यात ठेवा. खोकं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली लॉकरमधे. १९८२ साली क्लाइव्ह सिंक्लेअरनं हे यंत्र इंग्लंडमधे काढलं ते सामान्य माणसाच्या खिशाला परवडावं म्हणून, १६के मेमरीवालं १२५ पाऊंडाला. रबरी बटणं, आवाज डास गुणगुणल्यासारखा, मॉनिटर घ्यायला पैसे लागू नयेत म्हणून घरचाच टीव्ही. म्हणजे पोरांनी बडवायचीच वस्तू होती ती. पण आपण तिचं देवघर करायचं. दसऱ्याला झेंडू वाहिलात तर उत्तमच.

दुसरं, जे जे नवीन येईल त्याला 'हा खरा स्पेक्ट्रम नव्हे' म्हणा. स्पेक्ट्रम नेक्स्ट? त्यात एफपीजीए, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणारी चिप आहे, खरा नव्हे. २०२४ला आलेला तो रबरी बटणांचा, एचडीएमआयवाला? आत मोबाइलसारखा एआरएम प्रोसेसर आणि एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, खरा नव्हे. हार्लेक्विन हा नव्यानं बनवलेला बोर्ड? त्यात चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी सिंक्लेअरची यूएलए चिपच नाही, तिचं काम साध्या लॉजिक चिपांवर उतरवलंय, शी. रशियातल्या पोरांनी स्वतः बोर्ड बनवून पेंटॅगॉन आणि स्कॉर्पियन या तिकडच्या स्पेक्ट्रम-नकलांवर एवढे डेमो (चित्र-संगीताची करामत दाखवणारे प्रोग्राम) लिहिले, ते तर धरूच नका. आणि आमचा पुण्याचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, कडक बटणांच्या पुढच्या मॉडेलचा भारतीय अवतार? १९८८ साली डेसिबेल्स कंपनीनं रीतसर लायसन्स घेऊन आणलेला, माझ्या बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून घेतलेला? काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि म्हणाले, "अच्छा, लोकल होय."

लोकल! लोणचं आहे का ते?

असो. शांत. पुढचा सल्ला.

अॅडॉप्टरचा मधला पिन निगेटिव्ह असतो हे नवीन माणसाला अजिबात सांगू नका, उलटा अॅडॉप्टर लावून त्याचं मशीन जळलं की तो आपोआप गप्प बसतो.

टीव्हीला आरएफनेच, म्हणजे अँटेनाच्या सॉकेटातूनच, जोडा. आतला मॉड्युलेटर (चित्राचा अँटेना-सिग्नल करणारा डबा) बायपास करून कॉम्पोझिट, म्हणजे थेट व्हिडिओ, काढणं म्हणजे एक वायर आणि दहा मिनिटांचं काम, नव्या टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसतं, पण 'ओरिजिनॅलिटी' जाते ना. त्यापेक्षा मुंग्या बघा, तासभर ट्यूनिंग करा आणि बायकोला सांगा, हीच तर मजा आहे.

पैसे आधी गोळा करा, वस्तूचं नंतर बघू. २०१६ला वेगा प्लस या हातात धरून खेळायच्या स्पेक्ट्रमसाठी लोकांकडून पाच लाख पाऊंडांच्या वर जमा झाले आणि बहुतेकांच्या हातात काहीच आलं नाही. नेक्स्टवाल्यांनी मात्र घोळ केला, २०१७ला पैसे घेतले आणि उशिरा का होईना, २०२०ला मशीन खरंच दिलं. अशानं हौशी मंडळींची शिस्त बिघडते.

सुटे भाग साठवा. वापरायचे नाहीत, साठवायचे. झायलॉगनं २०२४ला जाहीर केलं की सुटा झेड८०, म्हणजे स्पेक्ट्रममधला प्रोसेसर, आता बनवणार नाही, ऐकताक्षणी आमच्यातल्या एकानं डझनभर मागवले. त्याच्याकडे मशीनं दोन. दोन्ही चालतात. (विचारलं तर म्हणाला, असावेत घरात. औषधासारखे.)

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: लहान मुलांना लांब ठेवा.

त्याचं असं झालं, की माझा डीबी मी मे महिन्यात उघडला, आतली धूळ काढायला, आणि कीबोर्डच्या मेम्ब्रेनची (बटणांखालच्या सर्किटवाल्या प्लास्टिक पडद्याची) शेपटी, म्हणजे बोर्डात खोचायची पट्टी, तडकली. ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांना पुढचं सांगायला नकोच. वाय-यू-आय-ओ-पी सगळी मेली. पी गेला म्हणजे प्रिंट ही स्क्रीनवर लिहायची आज्ञा गेली, कारण स्पेक्ट्रमवर पी दाबला की अख्खं प्रिंटच उमटतं. अवतरणचिन्हसुद्धा आतून पीलाच जोडलेलं, तेही गेलं. आता प्रिंट नाही आणि अवतरणचिन्ह नाही अशा बेसिकमधे (स्पेक्ट्रमची प्रोग्रामिंगची भाषा) पोरीला काय शिकवू, कपाळ? भाची अकरा वर्षांची, सुट्टीला आलेली, मोबाइलमधलं सगळं बघून कंटाळलेली, आणि मी तिला सांगून ठेवलेलं की एक असा कॉम्प्युटर दाखवतो जो चालू केल्या केल्या काहीच करत नाही, तू सांगेपर्यंत. तिला ते इतकं आवडलं की रिक्षात चारदा विचारलं, "मामा, खरंच काहीच नाही करत?"

तर आम्ही काकांकडे. टेबलावर तीन स्पेक्ट्रम, भोवती सात पुरुष, सगळ्यांचे गुडघे दुखणारे. एक मशीन चालू, स्क्रीनवर सिंक्लेअर रिसर्च १९८२ची ती ओळ, बस. चाळीस मिनिटं ती ओळच. कारण मंडळी आतला बोर्ड कितव्या आवृत्तीचा, इश्यू टू का इश्यू थ्री, यावर भांडत होती. पोरीनं बिचारीनं हळूच विचारलं, "काका, मी एकदा पी दाबून बघू?" काका म्हणाले, "बाळा, नुसतं बघायचं. हात लावायचा नाही. अँटिक आहे ते." आणि वर रुमालानं ते बटण पुसलं, तिनं लावलाच नव्हता हात तरी. ती मागे सरकली आणि चिवडा खात बसली. येताना रिक्षात म्हणाली, "मामा, ते सगळे खेळतच नाहीत." मला उत्तर सुचलं नाही, मी आपलं मीटरकडे बघत बसलो.

आणि हे कमी म्हणून की काय, निघताना काकांनी कपाट दाखवलं. त्यात इंग्लंडहून मागवलेले नवेकोरे मेम्ब्रेन. प्लसचे. दोन. सीलबंद. मी म्हणलं एक द्या, तुम्ही कस्टम्ससकट काय दिलं असेल ते देतो. तर म्हणे "नाही हो, संग्रहातले आहेत." अहो काका, तुमच्याकडे प्लस नाहीये! एकही नाही! तुमच्या तिन्ही मशीनला तो बसणार पण नाही!

बरं, जाऊ दे तो उपरोध. सरळच बोलतो.

सिंक्लेअरनं १९८६ला कॉम्प्युटरचा सगळा धंदा अॅमस्ट्रॅड कंपनीला विकला, १९९२ला उत्पादन बंद झालं, तरी हे मशीन मेलं नाही ते तुमच्या कपाटामुळे नाही. १९९९ला अॅमस्ट्रॅडनं एम्युलेटरबरोबर रॉम, म्हणजे मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, वाटायला परवानगी दिली म्हणून जगलं. अजून कुणीतरी दरवर्षी नवे गेम लिहितं, कुणीतरी घरी बोर्ड सोल्डर करतं आणि शेजारच्या पोराला देतं म्हणून जगलं. तुम्ही त्यातलं काय करता? तुम्ही धूळ पुसता. तुमच्यानंतर तुमचा मुलगा ते कपाट उघडणार, पाच मिनिटं बघणार आणि भंगारवाल्याला हाक मारणार, आणि दोष देणार तुम्ही 'आजच्या पिढीला'. लाज वाटायला हवी. एक अकरा वर्षांची मुलगी स्वतःहून तुमच्या दारात आली होती, अजून काय हवं होतं तुम्हाला?

त्या रात्री तिला लॅपटॉपवर एम्युलेटर लावून दिला. 'खरा नव्हे'वाला. दहा नंबरच्या ओळीत स्वतःचं नाव प्रिंट, वीसमधे गो टू दहा, म्हणजे परत पहिल्या ओळीवर. स्क्रीन भरल्यावर 'स्क्रोल?' आलं तर इतकी हसली, म्हणे हा मला विचारतोय! बॉर्डर लाल करून मगच झोपली.

काका, बुधवारी संध्याकाळी येतोय मी. तो मेम्ब्रेन काढून ठेवा. पैसे घ्या, हवं तर दुप्पट घ्या. चहा नको. आणि ती पण येणारे, तेव्हा तो रुमाल जरा आत ठेवा.