पाठीला पाठ लावून

लागोपाठ जन्मलेल्या भावंडांना ‘पाठीला पाठ लावून आलेली’ म्हणतात. मी आणि माझी एकवीस महिन्यांची लेक मात्र गाडीत बसलो की हा वाक्प्रचार अक्षरशः जगत असतो. पुढे चालकाच्या जागी मी आणि मागे, माझ्याकडे पाठ करून, आपल्या उलट्या कार सीटमध्ये ती. माझे तोंड येणाऱ्या रस्त्याकडे, तिचे गेलेल्या रस्त्याकडे. पुढे काय येणार याची काळजी मी करावी आणि मागे काय राहिले याचा शोक तिने करावा, अशी आमची कामाची वाटणी ठरलेली आहे, आणि तिच्या वाट्याचे काम ती फार मन लावून करते.

सीट गाडीत बसवण्याचे काम नवऱ्याने अंगावर घेतले होते. माहितीपुस्तिका वाचून, एक गुडघा सीटमध्ये रोवून, दातओठ खात त्याने बेल्ट ओढला आणि तिरकेपणा दाखवणारा सीटच्या कुशीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधोमध आणला. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवले असता सीट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये, असा दंडक असतो. आम्ही दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा सीट हलली नाही, गाडी हलली. मात्र उलटी सीट जागा भरपूर खाते, त्यामुळे तिच्या पुढचे आसन इतके पुढे घ्यावे लागले की त्यावर बसणाऱ्या नवऱ्याचे गुडघे आता डॅशबोर्डला टेकलेले असतात आणि तो सगळा प्रवास हात जोडून बसल्यासारखा करतो.

खरा संग्राम सुरू होतो तो लेकीला त्या सीटमध्ये बसवताना. सीट दिसताक्षणी ती पाठीची अशी कमान करते की तिचे डोके आणि टाचा एवढेच काय ते माझ्या हातात उरते. मधला सगळा भाग आकाशाकडे गेलेला असतो. या कमानीला जोर लावून उपयोग नसतो, तिला गुदगुल्याच कराव्या लागतात, आणि हसण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात पाच ठिकाणांहून येणारे पट्टे जागेवर न्यावे लागतात: दोन खांद्यांवरून, दोन कमरेशी आणि एक पायांमधून. हा पाचवा पट्टा बकलसह नेहमी तिच्या बुडाखाली सापडतो. तो काढायला तिला उचलावे, तर कमान पुन्हा उभी राहते. बकल हाती आलेच, तर त्याच्या दोन जिभा आधी एकमेकींत अडकवून मगच आत सारायच्या असतात, आणि तोवर एक हात पट्ट्यातून निसटलेला असतो. एवढे करून पट्टा पीळ खाल्लेला निघाला, की सारे पहिल्यापासून. शेवटी खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे, बोटे नुसतीच घसरली तर बरोबर. फुगीर जाकीट अंगात असेल तर ही परीक्षा खोटी ठरते, कारण धडकेच्या वेळी जाकिटातली हवा दबते आणि घट्ट वाटणारा पट्टा सैल पडतो. म्हणून थंडीच्या दिवसांत आधी जाकीट काढण्याची आणि मग तेच उलटे अंगावर पांघरण्याची लढाई वेगळी लढावी लागते.

‘एवढा त्रास कशाला, आता सीट फिरवून टाका’ असे सांगणाऱ्यांची आम्हाला उणीव नाही. सर्वांचा मुद्दा एकच असतो: बिचारीचे पाय दुमडतात हो! दुमडतात, हे मला मान्य आहे. पण या वयाच्या मुलांना पाय दुमडून बसण्याचे काहीच वाटत नाही, घरी मोकळ्या जमिनीवरसुद्धा ती पायांची गाठ मारूनच बसते. नवऱ्याचे पाय तिच्यापेक्षा कितीतरी अधिक दुमडलेले असतात, त्यांची मात्र आजवर कोणी विचारपूस केलेली नाही. खरा प्रश्न मानेचा असतो. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि जड असते, मानेची हाडे पुरती टणक झालेली नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे धड पट्ट्यांनी अडते आणि डोके पुढे फेकले जाते, तर उलट्या सीटमध्ये तोच भार डोके, मान आणि पाठ यांवर मिळून पसरतो. ही कल्पना मूळची स्वीडनमधली. बर्टिल आल्डमन या संशोधकाला ती अमेरिकेच्या जेमिनी अंतराळ मोहिमेतल्या अंतराळवीरांची, उड्डाणाचा जोर पाठभर पसरवणारी आसने पाहून सुचली आणि १९६४ मध्ये तशा सीटच्या नमुन्याची व्होल्वोच्या गाडीत चाचणी झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये निदान दोन वर्षांपर्यंत मूल उलटेच बसवा असे सांगितले होते. २०१८ मध्ये तिने वयाची ती रेघही पुसली आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत तसेच बसवा, असा सल्ला दिला. हे सगळे मी सल्लागारांना सविस्तर ऐकवते. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘पण पाय दुमडतात ना!’

अंतराळवीरांना उड्डाणानंतर बूट फेकण्याची सवय असावी असे वाटत नाही. आमच्याकडे पहिल्या वळणाला डावा बूट जातो, दुसऱ्या वळणाला उजवा, आणि मग ‘बूऽऽट’ अशी आर्त हाक सुरू होते. मी गाडी चालवत असते, नवरा गुडघ्यांमुळे वळू शकत नसतो, आणि बूट पायांखालच्या त्या अंधाऱ्या कपारीत असतो, जिथे बिस्किटांचा चुरा आणि गेल्या महिन्यातला मोजा आधीच नांदत आहेत.

तिचे तोंड दिसावे म्हणून मागच्या आसनाच्या उशीला एक आरसा बांधला आहे. माझ्या आरशातून त्या आरशात पाहायचे, अशी ही दुहेरी व्यवस्था. सिद्धांताप्रमाणे त्यात लेक दिसली पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक तळपाय दिसतो. तळपाय हलत असला तर ठीक. तो स्थिर झाला आणि आवाजही थांबला, की ती झोपली आहे की बकलशी काही खटपट करते आहे, या विवंचनेत पुढचा सिग्नल येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

तिचा चेहरा सरळ पाहण्याचे भाग्य खरे तर आमच्या मागच्या गाडीवाल्याला लाभते. एकदा असाच एक गृहस्थ सलग दोन सिग्नलवर मला मागून जोरजोरात हात करू लागला. टायर पंक्चर झाला असेल, डिकी उघडी असेल, नाहीतर धूर निघत असेल, अशा शंकांनी घामाघूम होऊन मी गाडी कडेला घेतली, उतरले आणि चारी टायर दाबून पाहिले. तो माझ्या शेजारून हळूच पुढे गेला, अजूनही हात हलवत, आणि तेव्हा कळले की त्याचा हात माझ्यासाठी नव्हताच. मागच्या काचेकडे पाहत बाईसाहेब घरून निघाल्यापासून जगाला टाटा करत होत्या आणि त्याने बिचाऱ्याने शिष्टाचार म्हणून उत्तर दिले होते.

मुक्कामाला पोहोचण्याआधी दोन मिनिटे तिला हमखास झोप लागते. तिला तशीच सीटमध्ये ठेवून जाता येत नाही, म्हणून मी श्वास रोखून बकल दाबते. त्या ‘खट्‌’ आवाजाने ती डोळे उघडते, आपल्याला येथून बाहेर काढण्याचा डाव आहे हे ओळखते, दोन्ही हातांनी पट्टे घट्ट धरते आणि पाठीची कमान करते.