फाइल पाठवा, मोकळे व्हा

ईमेलने फाइल पाठवण्याचं काम लोक उगाच अवघड करून ठेवतात. कोणती फाइल, कोणाला, कशासाठी, केवढी, असल्या शंका काढत बसतात. कार्यक्षम माणसाला एकच शंका असते: हे माझ्या टेबलावरून हलणार कधी? फाइल समोरच्याला उघडते का, ती बरोबर आहे का, मुळात त्याला ती हवी होती का, हा सगळा पुढचा भाग. पुढचा भाग पुढच्याने बघावा. तुमचं काम 'सेंड' दाबलं की संपलं. एवढं मनावर ठसलं की बाकीचं आपोआप जमतं.

आधी नावाचं बघू. फाइलच्या नावात विषय आणि तारीख घालायचा मोह होईल, तो आवरा. 'डॉक्युमेंट १' आणि 'स्कॅन ००४७' ही नावं यंत्राने स्वतः होऊन दिलेली असतात. ती बदलणारे आपण कोण? दुरुस्ती झाली की 'फायनल', मग 'फायनल २', मग 'फायनल नक्की', आणि साहेबांनी एक स्वल्पविराम हलवला की 'फायनल नक्की साहेबांची'. तोवर निम्म्या मंडळींनी आपली भर 'फायनल २'मध्ये घातलेली असते आणि उरलेल्यांनी 'फायनल नक्की'मध्ये. काळजी नको. दोन्ही ओळीओळीने ताडून बघायला ऑफिसात कोणीतरी नवीन लागलेलं असतंच.

आता आकार, आणि इथे जरा कसब लागतं. समजा वीस पानी कागदपत्रावर तुमची एक सही हवी आहे. ती संगणकावरच करता येते, पण मग काम केल्यासारखं वाटत नाही. वीसच्या वीस पानं छापा, शेवटच्या पानावर सही करा आणि पुन्हा सगळी स्कॅन करा. रंगीत, ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. ए४ आकाराचं एक पान ६०० डीपीआयवर जवळजवळ साडेतीन कोटी ठिपक्यांचं होतं. कॉम्प्रेस केलं नाही तर एकट्या पानाचेच १०० एमबी. १५० डीपीआयवर सोळाव्या हिश्श्यात भागलं असतं आणि मजकूर आरामात वाचता आला असता. पण मग कागदाचा पोत, पिनेची भोकं आणि पाठच्या बाजूने उमटलेली शाई समोरच्यापर्यंत कशी पोचणार? शिवाय अशा स्कॅनमधला एक शब्दही शोधता येत नाही की कॉपी करता येत नाही. ज्याला आकडे हवेत तो ते हाताने टाइप करेल. त्यालाही काम नको का?

एवढं करूनही कधीकधी मेल परत येतो. फाइल १६ एमबीची, सर्व्हरची मर्यादा २० एमबीची, तरी नकार. त्यामागची गोष्ट अशी, की ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी होता. मेल पोचवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीच्या १९८२च्या नियमांत सात बिटांत बसणारी, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हंच तेवढी जात. १९९२ साली नेथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची पद्धत आणली आणि मेलला फाइल जोडायची सोय झाली. पण बहुतेक वेळा ती फाइल आजही अक्षरांचं सोंग घेऊनच जाते: बेस ६४ या पद्धतीत दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे वाटेत ती एक तृतीयांशाने फुगते. तुमच्या १६चे २१ होतात ते असे. हे समोरच्याला सांगू नका. "तुमचा मेलबॉक्स भरलेला दिसतोय," एवढंच कळवा. जाता जाता: बोरेनस्टाइन यांनी त्या वर्षी मार्चमध्ये जी पहिली अशी अटॅचमेंट पाठवली, तिच्यात ते ज्या गाणाऱ्या चौकडीत होते तिचा फोटो आणि एक गाणं होतं. तेव्हा कार्यालयीन मेलवर सहलीचे चाळीस फोटो पाठवणाऱ्याला नावं ठेवू नका. मूळ परंपरेला धरून चालणारा तोच एक आहे.

मोठी फाइल झिप करा, म्हणजे दाबून लहान करा, असा सल्ला नेहमी मिळतो. जरूर करा. जेपीजी फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यामुळे झिप करून त्यांच्या आकारात जेमतेम फरक पडतो. वर्ड आणि एक्सेलच्या हल्लीच्या फाइली तर आतून स्वतःच झिप असतात. पण आकार कमी करणं हा हेतू आहेच कुठे? फाइल मोबाइलवर पटकन उघडता कामा नये, हा हेतू. आणि पासवर्ड लावलात तर सुरक्षिततेचं पुण्य वेगळं. जपानी कार्यालयांत अशी रीत होती: एका मेलने कुलूपबंद झिप, लगेच दुसऱ्या मेलने त्याच पत्त्यावर पासवर्ड. ती इतकी रुजली की तिला 'पीपीएपी' असं नाव पडलं, आणि २०२०च्या नोव्हेंबरमध्ये सरकारला आपल्या कार्यालयांतून ती हद्दपार करत असल्याचं जाहीर करावं लागलं. ज्याला पहिला मेल चोरून वाचता येतो त्याला दुसराही येतो, आणि कुलपाआड व्हायरस आहे का हे तपासणीच्या यंत्रणेला दिसत नाही, अशी कारणं होती. आपण याहून सुटसुटीत पद्धत वापरू. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहा, ठळक अक्षरांत.

मेलच्या मजकुरात शक्यतो काही लिहू नका. 'सोबतची फाइल पाहावी' पुरे. सांगायच्या दोन ओळी असतील तर त्या वर्डमध्ये टाइप करा, वर बोधचिन्ह डकवा, पीडीएफ करा आणि मग जोडा. विषयाच्या जागी काही सुचत नसेल तर मागच्या वर्षीचा कुठलाही मेल शोधून त्यालाच रिप्लाय करा. ताळेबंदाची फाइल 'लिफ्ट बंद असल्याबाबत' या विषयाखाली गेली की ती पुन्हा कोणाला सापडत नाही. गोपनीयता म्हणतात ती हीच. फाइल जोडायला विसरलात तर 'सॉरी, आता जोडली आहे' असा दुसरा मेल पाठवा आणि त्यात जुनी आवृत्ती जोडा. शेऱ्यांमधलं 'हे त्या विभागाला कळू देऊ नका' तसंच राहू द्या. त्या विभागालाही आपली आठवण काढलेली बरी वाटेल.

पाठवायचं कोणाला? सगळ्यांना. ज्याला हवी त्याला एकट्याला पाठवली तर उद्या तो 'मिळालीच नाही' म्हणेल; चाळीस जणांना पाठवलीत तर चाळीस साक्षीदार. २० एमबी गुणिले चाळीस, म्हणजे ८०० एमबी, पण जागा काही तुमच्या घरची जात नाही. आणि सामूहिक यादीची ताकद कमी लेखू नका. १९९७ साली खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये सुमारे १३,००० नावांच्या एका यादीवर एक मेल गेला. 'माझं नाव काढा' असं लोकांनी सगळ्यांनाच कळवलं, मग 'माझंही' म्हणणारे आले, मग 'कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका' असं सगळ्यांना सांगणारे. दीड कोटीच्या आसपास मेल झाले आणि यंत्रणा आडवी झाली. ही मंडळी ईमेलचं सॉफ्टवेअर विकणारी. आपल्याकडून त्याहून जास्त अपेक्षा कोण करणार?

एवढ्यात कोणीतरी शहाणा भेटेल आणि म्हणेल, फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेव, लिंक पाठव. एकच प्रत राहील, सगळे तिच्यातच दुरुस्त्या करतील, मेलबॉक्सही भरणार नाहीत. दुर्दैवाने त्याचं म्हणणं खरं आहे, त्यामुळे वाद घालू नका. लिंक पाठवा. परवानगी मात्र 'फक्त मी' हीच असू द्या. उघडू पाहणाऱ्या प्रत्येकाला 'परवानगी मागा' असं बटण दिसेल, आणि त्याने ते दाबलं की विनंतीचा मेल तुमच्याकडे येईल. म्हणून हे शुक्रवारी, निघता निघता करा, आणि सोमवारपासून रजा टाका. रजेच्या स्वयंचलित उत्तरात 'तातडीचं काम असल्यास कृपया माझ्या सहकाऱ्याशी संपर्क साधावा' असं नम्रपणे लिहून ठेवा. लिंक त्याचीही उघडत नसेल.